नाणी आणि दागिने शोधताना डिटेक्टरचा सिग्नल कसा ओळखायचा: आकडा शेवटी बघा, आधी ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मेटल डिटेक्टर घेऊन काही महिने झाले, मशीन चांगलं आहे, पण उद्यानात खोदलं की फॉइल नाहीतर कॅनची टॅब नाहीतर गंजका खिळा निघतो, स्क्रीनवरचा तोच आकडा एकदा नाणं देतो आणि दुसऱ्यांदा कचरा, मग सोन्याचा नेमका आकडा कुठला, नाण्याचा कुठला, आणि मोठी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची ती चकती, घेतली तर फरक पडेल का. कॉइलचं शेवटी सांगतो. बाकीचं आत्ताच सांगून टाकतो, सोन्याचा आकडा अशी गोष्टच नाही. नाण्यांचा असतो, पण तोही तुम्ही कुठली नाणी शोधताय आणि तुमच्या मशीनची आकड्यांची पट्टी कुठली आहे त्यावर. एखादं मोठं चांदीचं नाणं मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० वर तिशीत दिसतं कारण त्याची पट्टी उणे ९ ते ४० एवढीच आहे, आणि तेच नाणं गॅरेटच्या ० ते ९९ वाल्या पट्टीवर ऐंशीच्या पुढे जातं. त्यामुळे दुसऱ्याने दिलेला आकडा त्याच्याच मशीनच्या माणसाला कामाचा, बाकीच्यांनी तो वाचून सोडून द्यायचा.

आता हा आकडा येतो कुठून ते एकदा नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. कॉइलमधून बदलता करंट जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र खाली जमिनीत उतरतं, वाटेत धातू आला की त्या धातूत गोल फिरणारे करंट उठतात ज्यांना एडी करंट म्हणतात, आणि त्या करंटचं स्वतःचं छोटंसं क्षेत्र कॉइलमधली दुसरी वायर पकडते. हा प्रतिसाद किती मागे पडून आला, म्हणजे फेज किती सरकला, त्यावरून मशीन आकडा ठरवतं. जाड चांदीत हा करंट रेंगाळतो, पातळ फॉइलमध्ये उठतो आणि लगेच मरतो. म्हणजे आकडा धातूचं नाव सांगतच नाही, करंट किती रेंगाळला ते सांगतो, आणि ते रेंगाळणं धातूवर तर आहेच पण जाडीवर, आकारावर, वस्तू अखंड आहे की तुटलेली यावरही आहे. ॲल्युमिनियमचंच बघा ना. चॉकलेटचं फॉइल पट्टीच्या तळाला, कॅनची टॅब मध्ये, अख्खा कॅन वर चांदीच्या शेजारी. धातू तिन्हीकडे ॲल्युमिनियमच.

सोन्याचं दुखणं इथेच आहे. शुद्ध सोनं तांब्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास करंट वाहून नेतं, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षाही चांगलं, पण दागिन्यात शुद्ध सोनं सहसा कुणी वापरत नाही, त्यात तांबं, चांदी, कधी निकेल किंवा पॅलेडियम मिसळलं की वाहकता एकदम कोसळते, मिसळ थोडी असली तरी. १४ किंवा १८ कॅरेटची अंगठी त्यामुळे पट्टीवर खालीच येते, व्हाइट गोल्ड आणखी खाली. बारीक नाजूक अंगठी फॉइलच्या जागेवर बसते, मध्यम वजनाची टॅबच्या जागेवर, आणि जाडजूड पुरुषी अंगठी वर जाऊन जस्ताच्या नाण्यांमध्ये मिसळते. २२ कॅरेटची जड वस्तू असेल तर त्याहीपेक्षा वर. पट्टीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग सोन्यानेच व्यापलाय असं म्हटलं तरी चालेल, आणि नेमका तोच भाग कचऱ्याचा पण आहे.

नाण्यांचं बरं असतं. एका साच्याची सगळी नाणी एकाच वजनाची, एकाच मिश्रधातूची, गोल आणि सपाट, म्हणून त्यांचा आकडा एका जागी स्थिर येतो. फक्त कशापासून बनलंय ते माहीत पाहिजे. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, ज्याला ते निकेल म्हणतात, त्यात ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल आहे, पण ही मिसळ इतकी वाईट वाहक आहे की हे जाड ५ ग्रॅमचं नाणं टॅबच्या आसपास खालीच दिसतं. त्यांचा सेंट १९८२ पर्यंत ९५ टक्के तांब्याचा होता, त्या वर्षात बदलून जस्ताचा झाला आणि वरून फक्त तांब्याचा मुलामा, त्यामुळे दिसायला सारखी दोन नाणी आकड्याला वेगळी. ब्रिटनचे १ आणि २ पेन्स १९९२ पासून तांबं चढवलेल्या स्टीलचे आहेत, युरोचे १, २ आणि ५ सेंटसुद्धा स्टीलवर तांबं. अशी स्टीलची नाणी डिटेक्टरवर विचित्रच वागतात, कधी लोखंडाचा गुरगुर आवाज, कधी उडता उंच आकडा, म्हणून मशीनवर लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करून फिरणारा माणूस ती सरळ ओलांडून जातो. तुमच्या भागात जी नाणी चालतात किंवा पूर्वी चालायची त्यांचा धातू आधी शोधून काढा, एक एक नाणं हातात घेऊन कॉइलसमोर फिरवा, आकडे लिहून ठेवा. तुमच्या मशीनचा तक्ता तुम्हीच करायचा.

आता मुद्द्याचं, ऐकायचं कसं. घरातल्या माणसांची पावलं जिन्यात वाजली की कोण आलं ते दार उघडायच्या आधी कळतं, पण कसं कळलं ते सांगता येत नाही, तसंच हे कान बसल्यावर होतं. तोपर्यंत काय काय ऐकायचं ते मात्र सांगता येतं.

सगळ्यात पहिली कसोटी म्हणजे सिग्नल परत परत तसाच येतो का. कॉइल डावीकडून उजवीकडे नेताना टोन आला, उजवीकडून डावीकडे येताना पण तोच आला, तीन चार वेळा केलं तरी जागा तीच आणि उंची तीच, तर खाली काहीतरी गोल, अखंड, लोखंड नसलेलं असण्याची शक्यता चांगली. एका बाजूनेच वाजतो आणि परत येताना गप्प, किंवा प्रत्येक फेरीत टोन दोन पायऱ्या वर दोन पायऱ्या खाली, तर बहुतेक लोखंड किंवा वेडावाकडा कचरा. चुरगळलेलं फॉइल आणि फाटलेला कॅनचा पत्रा यांना सरळ कडा नसते ना, म्हणून आकडा चार पाच सहा घरं इकडे तिकडे नाचतो, नाणं मात्र वरच्या थरात असेल तर एक दोन घरांच्या पलीकडे सहसा जात नाही.

मग नव्वद अंशात वळायचं. म्हणजे टार्गेटभोवती, जमिनीतल्या त्या वस्तूभोवती, चालत जाऊन बाजूने परत कॉइल फिरवायची. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक करत नाहीत, आणि माझ्या मते निम्मा कचरा याच आळसामुळे खोदला जातो. आडवा पडलेला खिळा एका दिशेने टोकांवर छान गोड उंच टोन देतो, बऱ्याचदा एकामागोमाग दोन, आणि तुम्ही वळलात की तो टोन फाटतो, गुरगुरतो नाहीतर गायबच होतो. नाणं गोल असल्यामुळे त्याला दिशा नसते, चारी बाजूंनी सारखंच बोलतं. अपवाद उभ्या नाण्याचा. जमिनीत कडेवर उभं असलेलं नाणं कॉइलला कमी पृष्ठभाग दाखवतं, आवाज बारीक आणि अरुंद येतो, एका दिशेने बरा दुसऱ्या दिशेने कच्चा, त्यामुळे वळल्यावर थोडा कमी झाला पण टोन स्वच्छच राहिला तर सोडू नका. फाटणं आणि बारीक होणं यातला फरक कानाला शिकवावा लागतो, लिहून एवढंच सांगता येतं.

टोनच्या कडा पण ऐका. नाण्याचा आवाज जिथे सुरू होतो तिथे स्वच्छ सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे स्वच्छ संपतो. लोखंडाच्या आवाजाला शेपूट असतं, मधला भाग चांगला पण सुरुवातीला किंवा शेवटी एक खरखर किंवा खालचा टोन चिकटलेला. मशीनमध्ये आयर्न ऑडिओ किंवा आयर्न व्हॉल्यूम, म्हणजे लोखंडाचा आवाज वेगळा कमी जास्त करायची सेटिंग, असेल तर तो शून्यावर ठेवू नका, हळू आवाजात चालू ठेवा, तो बंद केला की ही शेपटं ऐकूच येत नाहीत आणि खिळा नाण्यासारखा वाटायला लागतो. हेडफोन पाहिजेतच, स्पीकरवर हे बारकावे वाऱ्यात जातात.

सोड्याच्या बाटलीचं लोखंडी झाकण, ते कडेला दाते असलेलं, हा सगळ्यात चतुर कचरा. गोल आहे, सपाट आहे, नाण्याएवढं आहे, आकडा पण उंच देतं, आणि मल्टी फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या, मशीनवर तर चारी बाजूंनी बऱ्यापैकी स्थिर. याच्यासाठी एक युक्ती आहे, डीडी कॉइलवर, म्हणजे जिच्यात डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढलेली असतात तिच्यावर, चांगली चालते. टार्गेटवर छोट्या छोट्या फेऱ्या मारत कॉइल हळूहळू आपल्याकडे ओढत आणा, म्हणजे टार्गेट कॉइलच्या पुढच्या टोकाकडे सरकतं आणि मग बाहेर पडतं. नाणं असेल तर आवाज हळू होत होत विझतो, टोन न बदलता. झाकण असेल तर टोकाशी येताना तो फाटतो आणि लोखंडाचा खालचा टोन मध्ये घुसतो. एकाच वेळी खात्री होत नाही म्हणून दोन बाजूंनी करा. शिवाय उगाच मोठा आवाज, म्हणजे दोन तीन इंचावरच्या नाण्याच्या मानाने जरा जास्तच भरलेला, ही पण झाकणाचीच सवय. काही मशीनमध्ये आयर्न बायस नावाची सेटिंग असते, ती वाढवली की झाकणं लोखंडात ढकलली जातात, पण खिळ्याला चिकटून पडलेलं नाणं पण त्यांच्याबरोबर जातं, हा सौदा लक्षात ठेवूनच वापरा.

मोठं लोखंड वेगळंच फसवतं. गंजलेला जाड पत्रा, घोड्याचा नाल, मोठा वॉशर, साखळदंडाची कडी, यांच्यात करंटला गोल फिरायला भरपूर जागा मिळते, आकडा लोखंडाच्या घरातून उडी मारून पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला जातो आणि माणसाला वाटतं चांदी. इथे आकडा न बघता आकार बघायचा. पिनपॉइंट बटण दाबा, त्या मोडमध्ये कॉइल स्थिर ठेवली तरी आवाज येतो, आणि आवाज कुठे सुरू होऊन कुठे संपतो ते जमिनीवर मोजा. नाण्याचा पट्टा छोटा असतो, ताटलीएवढ्या भागात सगळीकडे सारखाच आवाज असेल तर ते नाणं नाही. दुसरं म्हणजे कॉइल उचलून बघा. जमिनीपासून फूटभर वर नेली तरी आवाज दणदणीत असेल तर कॅन, पत्रा, पाइप असलं काहीतरी, नाण्याचा आवाज तेवढ्या उंचीवर साफ विझलेला असतो.

पिनपॉइंटचा अजून एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. टोन ज्या जागी आला ती जागा मनात धरा, मग पिनपॉइंट करा. दोन्ही जागा एकच आल्या तर चांगलं लक्षण. पिनपॉइंट टोनच्या जागेपासून हातभर नाही पण चार बोटं सरकून दाखवत असेल तर तो टोन खिळ्याच्या टोकाचा भास होता आणि खिळा शेजारी पडलाय.

खोलीचं गणित निर्दय आहे. क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाने कमी होतं आणि परत येताना पुन्हा घनाने, म्हणजे छोट्या वस्तूसाठी अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण ६४ पट कमी. म्हणून चार इंचावर ठणठणीत वाजणारं नाणं आठ इंचावर कुजबुजतं, आणि दहावर बऱ्याच मशीनना ते आहे हेच कळत नाही. कुजबुजणाऱ्या सिग्नलचा आकडा पण धड नसतो, कारण इतक्या क्षीण सिग्नलमध्ये मातीचाच आवाज मिसळतो. खनिज जास्त असलेल्या जमिनीत खोल नाण्याचा आकडा घसरत घसरत लोखंडात पण जातो. तेव्हा मोठ्या आवाजाला जो नियम लावला, म्हणजे आकडा स्थिर पाहिजे वगैरे, तो खोल सिग्नलला लावू नका. तिथे निकष एवढाच की हळू असला तरी टोन गोल, मऊ आहे का आणि दोन्ही दिशांनी परत येतो का. वरची दोन बोटं माती काढून परत फिरवा. आकडा वर सरकला आणि स्थिर झाला तर खोदत राहा, लोखंडाकडे गेला तर निदान खड्डा लहान असताना कळलं. गंजलेल्या लोखंडाचं उलटं असतं, गंज भोवतीच्या मातीत पसरलेला असतो, ती माती हलली की सिग्नल बदलतो किंवा नाहीसाच होतो, लोक म्हणतात टार्गेट पळालं.

हे सगळं कॉइल नीट फिरवली तरच. फेरीच्या शेवटी हात वर उचलला जातो ही सगळ्यांची सवय, त्याने दोन्ही टोकांना खोली जाते आणि मातीचे खोटे आवाज येतात. जमिनीला समांतर, एक दोन इंच वर, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. सिग्नल सापडला की लांब फेऱ्या थांबवायच्या आणि त्याच्यावरच छोट्या झटपट फेऱ्या मारायच्या, आकडा तेव्हाचा खरा.

मातीबद्दल आणि हवेतल्या गोंगाटाबद्दल थोडक्यात. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज मशीनला दुर्लक्षित करायला लावणं, दर वेळी करा, धातू नसलेल्या जागेवर कॉइल खाली वर करत, आणि जमीन बदलली की परत. कॉइल स्थिर असताना मशीन बडबडत असेल तर ते जमिनीतलं काही नाही, वीजवाहिनी, मोबाइल, शेजारचा दुसरा डिटेक्टर असलं असतं, फ्रिक्वेन्सी बदला किंवा नॉइज कॅन्सल करा, तरी थांबलं नाही तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. सेन्सिटिव्हिटी कमाल ठेवली की खोली वाढते असं नवख्याला वाटतं, पण बडबडणाऱ्या मशीनवर कुजबुज ऐकू येत नाही, शांत मशीनच जास्त खोल ऐकतं. समुद्राची ओली वाळू हा वेगळा विषय, खारं पाणी स्वतःच करंट वाहून नेतं आणि सिग्नल देतं, तोही पट्टीच्या खालच्या भागात जिथे बारीक सोनं बसतं. साधं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे गोंधळतं, मल्टी फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन, म्हणजे सलग लहरीऐवजी करंटचे छोटे झटके सोडणारं मशीन, लागतं. पल्स मशीन खोल जातं पण धातू ओळखण्यात कच्चं, जवळजवळ सगळंच खोदावं लागतं, वाळूत ते परवडतं, कडक मातीत नाही.

फ्रिक्वेन्सीचा विषय निघालाच आहे तर, कमी फ्रिक्वेन्सी, म्हणजे ५ ते ८ किलोहर्ट्झ वगैरे, जाड चांदी तांब्याला चांगली, आणि १५ च्या पुढची बारीक सोन्याला. तुमच्या मशीनमध्ये निवडता येत असेल तर काय शोधताय त्याप्रमाणे निवडा, नसेल तर आहे त्यावर खुश राहा.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको त्या आकड्यांचे आवाज मशीनवर बंद करण्याबद्दल, माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. टॅबचा आकडा नॉच करून बंद करणं म्हणजे अंगठ्यांना दार बंद करणं. नाणीच पाहिजेत आणि उद्यान टॅबनी भरलंय तर करा बापडे, पण मग सोनं सापडत नाही अशी तक्रार करू नका. लोखंडाचा खालचा भाग सोडून मी काहीही बंद ठेवत नाही, आणि लोखंडही ऐकू येईल असंच ठेवतो. कारण बंद केलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती शेजारच्या चांगल्या वस्तूला पण झाकते. दोन वस्तू एकदम कॉइलखाली आल्या की मशीन एकतर मधलाच कुठला तरी आकडा दाखवतं किंवा जी जोरात बोलते तिचंच ऐकतं. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं यंत्र बनवून नेलं होतं, आणि ते अपयशी ठरलं, त्यातलं एक कारण असं सांगतात की गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधू दिलं तेही गोळी नसलेल्या बाजूलाच. म्हणजे यंत्र बरोबर, टार्गेट होतं, मध्ये लोखंड आलं आणि कॉइल चुकीच्या जागी होती. एवढ्या वर्षांनी आपण उद्यानात हेच भोगतोय. लोखंड जास्त असलेल्या जागी हळू फिरा, रिकव्हरी स्पीड वाढवा म्हणजे मशीन एक आवाज संपवून पटकन दुसऱ्याला तयार होतं, खोली थोडी जाते पण अशा जागी मिळणारं सगळं वरच असतं. गुरगुरीच्या मधून एखादी छोटीशी उंच चिवचिव दोनदा तीनदा त्याच जागी आली तर सगळ्या बाजूंनी फिरून बघा, एखाद्या कोनातून ती मोकळी होते.

दागिन्यांची सवय वेगळी लावावी लागते. नाणी शोधताना आवाज निवडायचा, दागिने शोधताना जागा निवडायची. जिथे माणसं पोहतात, खेळतात, हात ओले होतात, क्रीम लावतात, गवतावर लोळतात, तिथे अंगठ्या पडतात, आणि तिथे खालचे मधले सगळे स्थिर आवाज खोदावेत, टॅब निघतील हे धरूनच. अंगठी अखंड गोल असल्यामुळे तिच्यात करंट छान फिरतो, आवाज नाण्यासारखाच गोल आणि भरीव येतो, चुरगळलेल्या फॉइलसारखा फिसकट नाही, आणि आकडा सहसा हलत नाही. टॅबचा गोल भाग पण अंगठीच आहे म्हणा, तिथे कुणाचाच कान चालत नाही. एकच, एका उद्यानात टॅब बहुतेक एका दोन जातीच्याच असतात, त्यांचे आकडे दोन तासात पाठ होतात, त्या आकड्यांच्या एक दोन घर बाजूला बसणारा स्थिर सिग्नल आला की गुडघे टेका. अंगठी तुटलेली, फटीची असेल तर करंटचा रस्ता तुटतो आणि ती फॉइलच्याही खाली जाते. साखळीचं त्याहून वाईट, मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एक एक कडी वेगळी दिसते, आणि कडी म्हणजे काहीच नाही, म्हणून जाड साखळीसुद्धा फॉइलसारखी किंवा नुसती चरचर करते, बऱ्याचदा वाजतो तो फक्त तिचा हूक. कानातल्याच्या काड्या पण याच गटात. चांदीची अंगठी मात्र उंच बोलते, पातळ असेल तर थोडी खाली.

सरावाला मैदानात जायलाच पाहिजे असं नाही. एका डब्यात नाणी, अंगठ्या, टॅबा, झाकणं, खिळे, फॉइल, शिशाचा तुकडा जमा करा, मशीन लाकडी टेबलावर ठेवा, दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे एक एक वस्तू कॉइलसमोर फिरवायला सांगा आणि तुम्ही स्क्रीन झाकून फक्त आवाजावर सांगा काय आहे. पहिल्या दिवशी स्वतःचीच लाज वाटते. मग अंगणात किंवा परवानगीच्या जागेत काही वस्तू वेगवेगळ्या खोलीवर पुरा, एक नाणं उभं, एक खिळ्याच्या शेजारी, एक टॅबजवळ, आणि कुठे काय ते कागदावर. ताजी हललेली माती दबायला वेळ लागतो, त्यामुळे पुरल्या पुरल्या आलेला आवाज आणि काही महिन्यांनी आलेला आवाज वेगळा वाटेल, ते पण ऐकण्यासारखं असतं.

आणि मैदानात प्रत्येक खड्ड्याआधी मोठ्याने किंवा मनात बोला, हे टॅब आहे, चार इंचावर. मग खोदा. हे न करता खोदणारा माणूस वर्षभर खोदून पण शिकत नाही, कारण वस्तू हातात आल्यावर सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला आधीच माहीत होतं. चुकलेला अंदाज वहीत लिहा, आवाज कसा होता आणि निघालं काय. आणि मशीनचा प्रोग्रॅम सारखा बदलू नका, एकच सेटिंग घेऊन बरेच दिवस काढा, प्रत्येक प्रोग्रॅमचे टोन वेगळे, कान बसायला लागला की तुम्ही भाषाच बदलता.

परवानगीशिवाय कुठेही कॉइल टाकू नका, संरक्षित पुरातत्त्व जागा तर नाहीच नाही, आणि जुनं काही सापडलं तर त्या देशाचा कायदा काय सांगतो ते आधी वाचून ठेवा. जुन्या रणभूमीवर मोठा, खोल, लांबट लोखंडी सिग्नल असेल तर फावडं न मारता लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

वस्तू निघाली की खड्ड्यात परत कॉइल फिरवायची, बाहेर काढलेल्या मातीवर पण. नाणी बऱ्याचदा खिशातून एकत्र सांडतात, आणि वरचं टार्गेट निघाल्याशिवाय खालचं बोलत नाही.

आता मोठी कॉइल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची जागा कचऱ्याने भरलेलं उद्यान आहे, तिथे मोठी कॉइल घेतलीत तर तिच्याखाली एका वेळी जास्त वस्तू येतील, आवाज आणखी मिसळतील, आणि आत्ता जे ओळखता येत नाही ते अजिबातच येणार नाही. मोठी कॉइल मोकळ्या शेताला, जिथे टार्गेट लांब लांब आहेत. तुम्ही उलट लहान घ्या, ५ किंवा ६ इंची, मशीनबरोबर आलेली ११ इंची बाजूला ठेवा आणि त्याच उद्यानात जिथे सगळं खोदून झालंय असं वाटतं तिथून सुरुवात करा. खोली कमी होईल, त्याची काळजी करू नका, खिळा आणि नाणं यांच्यामधली चार बोटांची जागा तिला दिसते, तुमच्या ११ इंचीला दिसत नाही.